कागलची गाडी

गुंडूकडं बैलजोडी होती तोवर गावात त्याला नावानं हाक मारत. बैल गेले आणि तो नुसता आक्काचा भाऊ झाला. शहरात, कसबा बावड्यात तिच्या दोन खोल्यांत येऊन राहिला.

गाव सीमेवरचं. घरात मराठी, गोठ्यात कानडी. बैलांना कानडीच कळतं, असं तो म्हणायचा. लंपीची साथ आली त्या वर्षी पाखऱ्याच्या अंगावर गाठी उठल्या. पाय सुजले, गळ्याखालची पोळी पखालीसारखी फुगली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, विषाणूवर औषध नाही, सूज उतरली तर जगेल. गुंडू निंबाच्या पाल्यानं शेकत बसला. सूज उतरली नाही. जोडीतला हरण्या एकटा राहिला. एकट्या बैलाचं काय करायचं? गुंडूच्या भावानं हरण्याला बाजार दाखवला. गुंडू त्या दिवशी घराबाहेर आला नाही.

पुढं ओळखीतल्या कुणीतरी त्याला शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत चिकटवलं. आक्कानं विचारलं, काम काय?

"जनावरं सांभाळायची."

"कसली?"

"पांढरी."

आक्काला वाटलं खिलार बैल. उंदीर म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. "काय बी दिवस आलं रं बाबा. बैलांचा धनी उंदरं राखाय लागला."

गुंडू उंदरं राखू लागला. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा. पाण्याच्या बाटल्या भरायच्या. थंड हवेच्या खोलीत मास्क लावून तो त्यांच्याशी कानडीत बोलायचा. संशोधन करणाऱ्या मुलांना ही मोठी गंमत वाटे. मैथिलीला वाटत नसे. ती हायस्कूलच्या मास्तरांची मुलगी. पीएचडी करत होती. वयानं त्याच्या निम्मी, पण तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला गुंडूमामा.

एकदा त्यानं विचारलं, "ताई, ह्यास्नी रोग तुमीच लावताय आन् औषध बी तुमीच देताय. मग लावताय कशाला?"

शेजारच्या टेबलावर ऋतुराज होता, मैथिलीबरोबरचाच. तो मोठ्यानं हसला आणि गुंडूच्याच बोलीत म्हणाला, "मामा, हे सरांना विचारा. आमालाबी उत्तर पायजेच हाय."

मैथिलीनं हातातलं काम ठेवलं. "मामा, उसात तण माजलं तर काय करता?"

"तणनाशक मारतो की."

"आणि जास्त पडलं तर?"

"ऊस करपतोय."

"फुफ्फुसात तेच होतं. विषाणू म्हणजे तण. शरीर त्याला मारायला धावतं आणि थांबायचं विसरतं. तण कधीच मेलेलं असतं. करपतो तो ऊस."

गुंडूला पाखऱ्याचा गळा आठवला. "म्हंजी सुजंनं मरतंय."

"सुजेनंच. मी सूज उतरवायचं औषध करतेय. प्रथिनाचा बारका तुकडा आहे, पेप्टाइड म्हणतात. पण रक्तात सोडला की फुफ्फुसात पोचायच्या आत त्याचे तुकडे होतात."

"दूध नासतंय तसं."

"तसंच. म्हणून त्याला चरबीच्या थेंबात बंद करायचं. इतका बारका थेंब की दिसतसुद्धा नाही. आणि थेंबाला असं काहीतरी चिकटवायचं की तो सुजलेल्या जागीच अडकेल."

"म्हंजी बर्फाच्या कॅनमधी घालून सरळ डेअरीत. वाटंत कुठं थांबायचं न्हाय."

"वाटेत थांबायचं नाही," मैथिली म्हणाली.

त्या संध्याकाळी त्यानं आक्काला सांगितलं, आमच्या ताई सुजंवर औषध काढाय लागल्यात. आक्कानंही पाखऱ्याचं नाव काढलं नाही.

अर्ध्या उंदरांना औषधाचे थेंब मिळत, अर्ध्यांना रिकामे. एकाच पिंजऱ्यात दोन्ही राहत, म्हणजे एकाला चांगली जागा आणि दुसऱ्याला वाईट, असं व्हायचं नाही. ओळखायला कान टोचता आला असता. पण टोचलं की सुजतं, आणि मोजायची होती ती सूजच. म्हणून शेपटीवर मार्करच्या रेघा. एक, दोन, तीन; काळ्या, निळ्या. उंदीर त्या चाटून पुसत. एक दिवसाआड त्या परत ओढायचं काम गुंडूचं. त्याचा हात चांगला होता. कुठल्या रेघा औषधाच्या, हे मात्र त्याला सांगायचं नाही, असा नियम होता.

आणखी एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती.

पहिल्या खेपेला जे उंदीर जगले ते मैथिलीनं आतल्या खोलीत नेले. ते परत आले नाहीत. गुंडूनं रिकामे पिंजरे धुतले आणि विचारलं, "जगल्याली कुठं गेली?"

जगलेल्यांचीही छाती उघडावी लागते. नाहीतर औषधानं सूज उतरली की जनावर नशिबानं वाचलं, हे कळणार कसं? मैथिलीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. सकाळी बसमधून तिनं कागलची पाटी वाचली होती. तेच तोंडात आलं.

"कागलला पाठवली, मामा. एमआयडीसीत मोठं शेड आहे. तिथं ठेवतात."

"मरूस्तर?"

"मरेपर्यंत."

"ब्येस."

असं शेड कुठं नव्हतं. पण गुंडूला ते मिळालं. त्यानंतर आजारी उंदरापुढं पाण्याची बाटली लावताना तो म्हणायचा, दम धर, कागलला जायाचं हाय. हे तो कानडीत म्हणायचा.

एका रविवारी तो तिथं गेलाही. पिशवीत बाजरी घेतली होती. पंचतारांकित एमआयडीसीचे रुंद रस्ते तो उन्हात फिरला. एका मोठ्या फाटकाशी वॉचमननं हटकलं.

"पावणं, कुणाकडं?"

"उंदरांच्या शेडाकडं."

"कशाच्या?"

"पांढऱ्या उंदरांच्या. आमच्या हितनं पाठवत्यात."

वॉचमननं दुसऱ्याला हाक मारली. "अरं हिकडं ये. पावण्यांची उंदरं हारवल्यात."

दुसरा आला. त्यानं गुंडूला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "पावणं, हितं गिअर बनत्यात. उंदरं पायजेच असली तर कँटीनमधी हायत. काळी हायत पर. चुना लावून न्या."

दोघं पोट धरून हसले. गुंडूही थोडा हसला. मग रस्त्याकडेच्या निंबाखाली बाजरी टाकून परत आला.

सोमवारी त्यानं सांगितलं, "ताई, शेड गावलं न्हाय."

खरं सांगायला ती वेळ चांगली होती. मैथिली म्हणाली, "आत असतंय मामा. बाहेरच्याला सोडत नाहीत."

"व्हय, बरूबर हाय. रोगाचं काम."

ज्येष्ठात शेवटचा प्रयोग सुरू झाला. मैथिलीची शिष्यवृत्ती संपत आली होती. पेप्टाइड बाहेरून बनवून आणावं लागे. फ्रीजरमध्ये थोडंसं उरलं होतं. हा प्रयोग नीट उतरला तर प्रबंध, नाहीतर काही नाही. उंदरांच्या नाकात विषाणूचे थेंब सोडले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते कुबड काढून बसू लागले. अंगावरचे केस उभे. डोळे अर्धे मिटलेले. पोट भात्यासारखं हलायचं. गुंडू सकाळी आत शिरला की आधी मेलेले बघायचा. मैथिली त्यांच्या रेघा बघायची. जास्त करून रिकाम्या थेंबांचेच मरत होते. ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, आणि मेलेला उंदीर हातात धरून ती खूश का दिसते, हे गुंडूला कळायचं नाही.

मग एका शनिवारी ती मास्क खाली ओढत धावत बाहेर आली. तिनं गुंडूचे दोन्ही हात धरले.

"मामा, झालं! आता कुणी मरत नाही. पास झालो आपण!"

तेरा उरले होते. अंगावरचे केस बसले होते. खात होते.

"तेराच्या तेरा कागलला?"

"हो. सोमवारी." ती सरांना फोन लावत होती.

"उद्या बेंदूर हाय, ताई. कर्नाटकी. आमच्यात ह्योच करत्यात. जनावरांचं जरा लाड केलं तर चालंल न्हवं?"

"करा की मामा," फोन कानाला लावून ती म्हणाली. लाड म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही. बैलांच्या या सणाला तिच्या घरी मातीचे बैल पुजत, तेही महिन्याभरानं, सीमेच्या अलीकडच्या बेंदराला.

रविवारी आक्कानं पुरण घातलं. गुंडूनं एक पोळी फडक्यात बांधली. एका वाटीत हळद आणि तेल घेतलं. बाजारातून हिंगूळ आणला होता, शिंगांना लावतात तो लाल रंग.

"उंदरास्नी पोळी?" आक्का म्हणाली. "सख्ख्या भनीला कधी ईचारलास, जेवलीस का म्हणून?"

"तुला शेपूट हाय व्हय?"

"जा मुडद्या."

ती हसत होती. तोही. पाखऱ्या गेल्यापासून गुंडूचा बेंदूर झाला नव्हता.

संस्थेत रविवारी कुणी नव्हतं. गुंडूनं पिंजऱ्यांवर पिंपळाच्या पानांचं वीतभर तोरण बांधलं. मग एकेक उंदीर मांडीवर घेतला. बाजारातून बैल आणला की त्याच्या अंगावर दलालाच्या रंगाची खूण असते. घरच्या दारात पहिली ती धुवायची, मग ओवाळायचं. गावात सगळे असंच करत. खूण ठेवली तर जनावर बाजारचंच राहतं. गुंडूनं हळदतेलात कापूस बुडवला आणि शेपटीवरच्या रेघा पुसल्या. काळ्या पुसल्या, निळ्या पुसल्या. मग काडीनं हिंगूळ लावला, मुळापासून टोकापर्यंत. वाळेपर्यंत शेपूट दोन बोटांत धरून बसला. प्रत्येकाला पुरणाचा कण चारला. शेवटी तेरा लाल शेपट्या पिंजऱ्यात इकडून तिकडं पळताना बघत तो बराच वेळ उभा राहिला.

सोमवारी तो सगळ्यांच्या आधी आला. नवा शर्ट घातला होता.

मैथिलीनं पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि खळखळून हसली. ऋतुराजला हाक मारली, बघ बघ म्हणाली. फोटो काढायला मोबाइल वर केला. मग मोबाइल हळूहळू खाली आला.

"मामा, रेघा?"

"पुसल्या की."

"पुसल्या?"

"पास झाली न्हवं? बाजारची खूण घरात ठेवत न्हाईत, ताई."

तिनं एक उंदीर उचलला. स्पिरिटचा बोळा शेपटीवर घासला. हिंगूळ निघाला. खाली नुसती गुलाबी कातडी. दुसरा उचलला. तिसरा. तेरावा घासून झाला तेव्हा तिचे हातमोजे लाल झाले होते आणि ती जमिनीवर बसली होती.

आपलं काहीतरी चुकलं, एवढं गुंडूला कळलं. काय ते कळलं नाही.

विजयसिंह सर आले. ते मैथिलीचे मार्गदर्शक. त्यांनी तोरण बघितलं, उंदीर बघितले. आवाज चढवला नाही. "दोन वर्षं," ते मैथिलीला म्हणाले. "दोन वर्षांचं काम पोळीबरोबर खाल्लं यांनी."

गुंडू पुढं झाला. "सर, कागलची गाडी किती वाजता येणार? गाडी येस्तर मी परत वढतो रेघा. येळ लागायचा न्हाय."

"कसली गाडी?"

ऋतुराजला हसू आवरलं नाही. "सर, ते... जगलेले कागलला जातात ना. मामांचं तसं आहे."

सरांनी मैथिलीकडं बघितलं. "तू सांगितलंस याला?"

"हो सर," मैथिली जमिनीवरून उठत म्हणाली.

"छान. मग आज त्याला कागल दाखव. उंदीर धरायला हाच येईल."

आतली खोली गुंडूनं कधी बघितली नव्हती. स्टीलचं टेबल. चिमटे, कात्र्या. एका रांगेत झाकणाच्या बाटल्या, तेरा. आधी त्याला वाटलं, तपासणी असेल. मग त्यानं बाटल्या परत एकदा बघितल्या.

"हे कागल?" त्यानं मैथिलीला विचारलं.

तिनं मान हलवली.

"पयलीबी हितंच?"

"हो."

सर सुई भरत होते. भुलीचंच औषध, पण भरपूर. "आता तरी कामाला ये. आजवर तूच रेघा ओढत होतास. एकेक उचल आणि सांग, हा किती रेघांचा. औषधाची कुठली आणि रिकामी कुठली, तेवढं कळलं तरी निभावेल."

गुंडूनं पिंजऱ्यात हात घातला. उंदीर पळाले नाहीत. हाताला पुरणाचा वास होता. त्यानं सुईकडं बघितलं. सर ज्याची एवढी चौकशी करतात ते औषधाचं जनावर मारणार नाहीत, असं त्याला वाटलं असावं.

"सगळी," तो म्हणाला.

"सगळी काय?"

"सगळी औषधाची हायत, सर. एक बी रिकामं न्हाय."

"तीन रिकामी आहेत, मामा," मैथिली म्हणाली. मेलेल्यांच्या रेघा तिच्याकडं होत्या. उरलेल्यांत किती कुठले, तेवढं तिला माहीत होतं. "तीन. कुठली?"

"न्हाईत."

"मामा, आठवा."

"न्हाईत म्हणतोय न्हवं!"

सरांनी हात पुढं केला. "धर."

मानेची कातडी चिमटीत धरून उंदीर उताणा कसा करायचा, हे गुंडूला मैथिलीनंच शिकवलं होतं. त्यानं धरला. सुई पोटात गेली. थोडा वेळ लाल शेपूट त्याच्या मनगटाला गुंडाळलेलं राहिलं, मग सैल पडलं. त्यानं दुसरा धरला. तेराही त्यानंच धरले. मध्ये एकदा त्याच्या नाकातून पाणी आलं, ते त्यानं खांद्याला पुसलं.

फुफ्फुसं ट्रेमध्ये मांडली. काही गुलाबी. काही लालसर डागांची. बरीच धड ना अशी ना तशी.

"गुलाबी ती औषधाची," सर म्हणाले. "डागाची तीन रिकामी. उघड आहे."

"डागाची पाच आहेत, सर."

"मग त्यातली जास्त डागाची तीन."

मैथिलीनं हातमोजे काढले. "नाही सर. असं लिहिणार नाही. परत करू. पेप्टाइड एकदा पुरेल इतकं आहे."

सरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, तुझी मर्जी. ऋतुराजही म्हणाला, तू बरोबर केलंस. तिनं बरोबरच केलं होतं.

गुंडू मोरीत ट्रे धूत होता. ती दारात आली.

"परत म्हंजी काय, ताई?"

"परत तेवढीच आणायची. रोग द्यायचा. मरतील ती मरतील. जगतील ती..." तिनं टेबलाकडं हात केला.

"पयल्यापास्नं?"

"पहिल्यापासनं. रेघा असत्या तर ही शेवटची होती."

नळ चालूच होता. "म्हंजी ती सगळी माझ्यामुळं मरायची?"

आजवर ती त्याला सांभाळून बोलली होती. आज तिच्याकडं काही उरलं नव्हतं.

"हो मामा. तुमच्यामुळं."

त्यानं नळ बंद केला. बाहेर जाऊन तोरण सोडलं. पानं खिशात घातली. आक्कानं कालची पोळी पुढं ठेवली ती त्यानं खाल्ली नाही. "उंदरांनी खाल्ली का रं?" तिनं विचारलं. "खाल्ली," तो म्हणाला.

तो परत येणार नाही, असं ऋतुराजनं पैजेवर सांगितलं होतं. मंगळवारी तो आला. नव्या उंदरांचे पिंजरे लागले तेव्हा त्यानं मैथिलीकडं एकच मागितलं. "आतल्या खोलीत धराय मीच. दुसऱ्याचा हात नगं. त्यास्नी माझा वास ठावा हाय."

मग सुई भरायलाही शिकला. रेघा आता तो रोज ओढतो. सकाळी, आणि जायच्या आधी पुन्हा. कानडीत बोलत नाही. आक्का म्हणते, घरातबी बोलत न्हाय.

दुसऱ्यांदा प्रयोग छान उतरला. औषधाचे थेंब फुफ्फुसात पोचले, तिथंच अडकले, सूज उतरली. या खेपेला जास्त जगले. त्यांना आत नेलं त्या दिवशी सर म्हणाले, गुंडूचा हात हलका आहे. जनावर धडपडत नाही, फुफ्फुसं स्वच्छ मिळतात. ते खरं होतं. उंदीर त्याच्या हातात आपणहून येत होते.

मैथिली पिंजऱ्यातून एकेक काढून देत होती. तो उताणा करायचा, कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचा, मग सुई. कानडी नव्हतं. मराठीच होतं. पहिल्या दोन-तीन वेळा तिला नीट ऐकू आलं नाही. मग आलं.

"चल बाबा, चल. कागलची गाडी आल्या."

तिचा हात पिंजऱ्यात तसाच राहिला.

"म्होरलं द्या, ताई," गुंडू म्हणाला.